तांबी आणि तिची धाकटी बहीण

गर्भाशयात बसविण्याच्या ज्या साधनाला डॉक्टर मंडळी कॉपर-टी म्हणतात, त्याला मराठी संसारात ‘तांबी’ असे नाव पडले आहे. नाव मोठे घरगुती आहे. प्रयोगशाळेतील वस्तू भाषेने इतक्या चटकन आपलीशी केल्याची उदाहरणे थोडीच. तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे अंतःस्राव अथवा हार्मोन सोडणाऱ्या साधनाला, असे नाव अद्याप मिळालेले नाही. ह्या दोहोंपैकी कोणते पत्करावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा दिसतो. परंतु त्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून प्रश्नाचे मर्म उमगत नाही, असे आम्हास वाटते.

रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्स ह्यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. तेव्हा ह्या एका बाबतीत तरी आपण विलायतेच्या मागे पन्नास वर्षे नव्हतो! कर्वे गणिताचे प्राध्यापक. ह्या कार्यापायी त्यांना नोकरीस मुकावे लागले. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ त मृत्यू येईतो चालविले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. खटला हरला, पण पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात पी. जे. रोहम ह्यांनी संततिनियमनाचा ठराव आणला, त्यामागे आंबेडकरांचेच विचार होते. तोही फेटाळला गेला. मूल केव्हा व्हावे आणि किती व्हावीत हे ठरविण्याचा अधिकार जिला ते पोटात वागवावे लागते तिचा, हे कर्व्यांच्या साऱ्या लेखनाचे सूत्र होय. लोकसंख्येचा हिशेब त्यांच्या मते दुय्यम होता.

हाच वाद १९३५ च्या डिसेंबरात आमच्या यवतमाळच्या शेजारी, वर्ध्यास, येऊन ठेपला होता. मार्गारेट सँगर गांधीजींना भेटावयास आल्या. पत्नीने पतीला नकार देण्यास शिकावे, इतके गांधीजींना मान्य होते. साधने मात्र अमान्य, संयम हाच मार्ग. एका दृष्टीने पाहता उभयतांचे अंतर वाटते तितके नव्हते: निर्णय स्त्रीचा, हे दोघांनीही गृहीत धरलेले होते. पुढे राज्ययंत्राने संततिनियमन आपल्या हाती घेतले, तेव्हा नेमके हेच गृहीत गळाले.

साधनाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. १९०९ साली रिश्टर नामक जर्मन डॉक्टराने रेशमाच्या किड्याच्या आतड्याचे कडे गर्भाशयात बसवून पाहिले. त्यानंतर बर्लिनच्या अर्न्स्ट ग्रॅफेनबर्ग ह्यांनी चांदीच्या तारेचे कडे केले. ती चांदी शुद्ध नव्हती. तिच्यात सुमारे चतुर्थांश तांबे होते, हे कित्येक वर्षांनी उघडकीस आले. म्हणजे त्यांच्या यशाचे श्रेय चांदीस मिळाले आणि काम बहुधा तांब्याने केले. सोन्याचांदीच्या भेसळीने कोणाचे कल्याण झाल्याचे हे उदाहरण विरळाच! ग्रॅफेनबर्ग ज्यू, नाझी राजवटीत त्यांना तुरुंगवास घडला, आणि पुढे ते अमेरिकेस पोहोचले.

भारतात हे साधन सरकारी योजनेतून आले ते १९६५ साली, जॅक लिपीज ह्यांच्या प्लास्टिकच्या ‘लूप’च्या रूपाने. स्वस्त, एकदाच बसवावयाचा, रोज स्मरण ठेवण्याची जरूर नाही. योजना आखणाऱ्यांस तो रामबाण वाटला. पहिल्या वर्षी सुमारे आठ लाख आणि दुसऱ्या वर्षी सुमारे नऊ लाख लूप बसविले गेले. नंतर आकडा ढासळू लागला. कारण गूढ नव्हते. लूपने पुष्कळ स्त्रियांना रक्तस्राव वाढे, कंबर व ओटीपोट दुखे, आणि हे असे होईल असे त्यांना आधी कोणी सांगितलेले नसे. बसविणारी मंडळी शिबिर उरकून पुढच्या गावी गेलेली असत. घाबरलेली बाई मग शेजारणीला सांगे, शेजारीण दहाजणींना. सरकारी अहवालांनी ह्याला ‘अफवा’ म्हटले. पण ज्या गोष्टीचा अनुभव स्वतःच्या शरीरात येतो तिला अफवा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. लक्ष्य पुरे करावयाचे होते; ज्यांच्या आधारे ते पुरे व्हावयाचे त्या स्त्रियांशी संभाषण करण्यास कोणाजवळ वेळ नव्हता.

तांबीचा जन्म ह्याच दुखण्यावरील उपायातून झाला. हॉवर्ड टेटम ह्यांनी गर्भाशयाच्या आकारास मानवणारा लहान टी-आकार योजिला; त्याने त्रास कमी होई, पण गर्भही राही. चिलीच्या हैमे सिपेर ह्यांना तांब्याचा गुण सापडला होता. १९६९ च्या सुमारास दोन्ही कल्पना एकत्र आल्या आणि साधन सफल झाले. तांब्यातून सुटणारे सूक्ष्म कण शुक्रजंतूंना निकामी करतात, म्हणून बीजाशी त्यांचा संयोग होत नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात २००२ पासून ‘३८० ए’ ही तांबी आली. तिच्यावर ३८० चौरस मिलिमीटर तांबे असते आणि ती दहा वर्षे चालते. धाकटी बहीण फिनलंडची. तापानी लूक्काइनेन ह्यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या ह्या साधनास तेथे १९९० साली मान्यता मिळाली. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते व ते आरंभी रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम झिरपते. गर्भाशयाचे अस्तर पातळ होते, मुखाजवळचा स्राव घट्ट होतो. दोन्ही साधनांनी गर्भ राहण्याचा संभव वर्षात शंभरात एकीहून कमी. तेव्हा गुणावगुणाचा निवाडा परिणामकारकतेवर करण्यात अर्थ नाही.

खरा भेद रक्ताचा आहे. तांबीने पाळीचा स्राव वाढतो, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. हार्मोनच्या साधनाने तो घटतो, किंबहुना वर्षाअखेर पाचांपैकी सुमारे एकीची पाळी थांबते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. आमच्या लोहाऱ्याच्या आसपास, कापूस वेचून दिवसभर कंबर वाकविणाऱ्या बाईच्या अंगावरून महिन्याकाठी दुप्पट रक्त जाऊ लागले, तर ते केवळ गैरसोय ठरत नाही. तिला धाकटी बहीणच हितकर, असे शरीरशास्त्र म्हणेल.

परंतु शरीरशास्त्राच्या बाहेरही घर आहे. हार्मोनच्या साधनाने पहिले तीन ते सहा महिने थेंब थेंब, अवेळी रक्त दिसते. जेथे पाळीच्या दिवसांत देवघर वर्ज्य असते, त्या घरात दिवसाआड विटाळ आला तर सून काय करील? आणि पुढे पाळीच थांबली, तर ‘दिवस गेले की काय’ ही धास्ती, आणि रक्त आत साठून राहते ही समजूत, ह्या दोहोंस तिने उत्तर काय द्यावे? (साठून राहत नाही; अस्तरच वाढत नाही, म्हणून पडावयास काही उरत नाही.) कोणी डोकेदुखी, मुरूम, स्तनांचा ठणका ह्यांनी कंटाळते, जिला स्तनाचा कर्करोग झालेला आहे तिला ते वर्ज्यच. तांबीत कोणताही हार्मोन नाही आणि पाळी आपल्या वेळेस येते, एवढ्या एका विश्वासासाठी वाढता स्राव सोसणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्यांना अडाणी म्हणण्याचा आम्हा इंग्रजी शिकलेल्यांना अधिकार नाही.

दामाचा प्रश्न निराळाच. सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते ती तांबी. धाकटी बहुधा काही हजार रुपये मोजून बाजारातून आणावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली तिला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले, तरी रक्तक्षयाने जिला तिची सर्वांत अधिक गरज, तिच्याच आवाक्याबाहेर ती राहिली आहे. निवड ह्या शब्दास दोन वस्तू समोर असाव्या लागतात.

दोन्ही साधनांना खाली एक बारीक दोरा असतो. तो तपासणीसाठी असतो तसाच, बाईने मागितल्या दिवशी साधन सहज काढून घेता यावे म्हणूनही असतो. लूपच्या काळी बसविणाऱ्यांचे आकडे काटेकोर ठेवले गेले. ‘काढून द्या’ म्हणून किती जणी आल्या आणि किती जणींना समजूत घालून परत पाठविले, त्याची वही कोणी तितक्या आस्थेने ठेवली नाही. आजही निवडीची चर्चा तांबे की हार्मोन एवढ्यावर थांबते, आणि तो दोरा कोणाच्या शब्दावर ओढला जाईल हे विचारावयाचे राहून जाते.