मायना आणि मजकूर

पाठ केलेला निबंध ही शिकवणीवर्गांची देणगी, असे आपण सहज म्हणून जातो. हे खापर त्यांच्या डोक्यावर फोडण्याआधी पंतोजींच्या शाळेत डोकावायला हवे. तिथे धूळपाटीवर अक्षरे गिरवून झाली, मोडीचे वळण बसले, की पोरगा पत्र लिहायला शिके. म्हणजे मुख्यतः मायने घोके. स्वतःच्या वडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. चुकीच्या मायन्याने माणूस दुखावे, तेव्हा या घोकंपट्टीला कारण होते. कारकुनांना असे नमुने पुरवणारे मेस्तक तेराव्या शतकातल्या हेमाडपंताच्या नावावर सांगतात. गंमत अशी, की त्याचाच ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्रातला मोठा निबंधग्रंथ. निबंध म्हणजे तेव्हा जुनी वचने विषयवार बांधून ठेवणे. चार सुविचार आणि दोन सुभाषिते ओवून पान भरणारा आजचा विद्यार्थी नकळत तोच अर्थ पाळतो आहे.

स्वतःचे म्हणणे पुराव्यानिशी मांडणे, हा अर्थ मराठीत ठसवला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’चे ८४ अंक निघाले. त्यांतली लोकहितवादींवरची टीका आज एकांगी वाटते, पण तिथे लेखक कुणाशी तरी वाद घालतो आहे हे प्रत्येक परिच्छेदात जाणवते. शाळेने त्यांच्याकडून नाव घेतले, वाद तेवढा सोडला. त्याचे कारण परीक्षेत आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. तेव्हापासून शाळेतले लेखन अनोळखी परीक्षकासाठी होऊ लागले, आणि अनोळखी माणसापुढे कुणीही जपूनच बोलतो.

साचा हा कच्च्या मुलाचा आधार, तो काढू नका, असे शिक्षक म्हणतात. खरे आहे. पण जुन्या पत्रातही साचा कडेपुरताच असे. ‘विनंती विशेष’ लिहून झाले की पुढची हकीकत ज्याची त्यानेच लिहायची. आपण तीही पाठ करून घेतो. गठ्ठ्याने उत्तरपत्रिका तपासताना ठरावीक मुद्देच सोयीचे, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर प्रश्न काढणाऱ्याने द्यावे. ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ वर्षभर आधी पाठ करता येते. ‘तुमच्या गावाचा आठवडी बाजार हलवावा का? दोन कारणे द्या आणि विरुद्ध बाजूच्या एका कारणाला उत्तर द्या’ हे पाठ करता येत नाही. असे प्रश्न विचारायला वेगळे विद्वान लागत नाहीत. ‘निबंधमाला’ काढली तेव्हा चिपळूणकर शाळेत शिकवत होते.