नाव नाटकाचे, पैसा पडद्याचा

1912 साली रोह्याचा एक मुलगा मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन गेला. मुलाचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. या यशाबद्दल त्याच्यावर अभिनंदनाची कविता लिहिणारे कवी होते राम गणेश गडकरी. देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, 1950 मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. गडकरी मात्र 1919 च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी सावनेरला वारले. महिन्याभरात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले आणि त्याने इतिहास घडवला. आजारपणामुळे गडकऱ्यांना त्यातली पदेही लिहून झाली नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. नाटक अजरामर झाले. नाटककाराच्या पदरी काय पडले, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

मराठी नाटककाराने नुसत्या नाटकावर घर चालवल्याची उदाहरणे शोधावी लागतात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे आयुष्य ‘केसरी’ आणि ‘नवाकाळ’च्या कचेरीत गेले. गोविंद बल्लाळ देवल नाटकांत नटांना तालमी देत. खुद्द गडकरी उमेदवारीच्या काळात किर्लोस्कर मंडळीत मुलांचे मास्तर होते. चिपळूणच्या मामा वरेरकरांनी टपाल खात्यात नोकरी करत नाटके लिहायला सुरुवात केली. लेखणी नाटकाची आणि भाकरी दुसऱ्या कुणाची, अशीच ही व्यवस्था होती.

आजच्या रायगड जिल्ह्याचा म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याचा या व्यवस्थेतला ठळक माणूस केशव सीताराम ठाकरे. 1885 साली पनवेलला जन्मलेले ठाकरे ‘प्रबोधन’कार म्हणून ओळखले गेले, पण त्याआधी आणि नंतरही त्यांनी पोटासाठी काय काय केले याची यादी लांबलचक आहे. सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी, नाटक मंडळ्यांबरोबर भटकंती, छापखाना, व्याख्याने, वर्तमानपत्रे. ‘माझी जीवनगाथा’ या आत्मचरित्रात हा सगळा पसारा त्यांनी मोकळेपणाने मांडला आहे. नाटक त्यांना वादाचे हत्यार म्हणून हवे होते. 1933 मध्ये त्यांचे ‘खरा ब्राह्मण’ आले. नायक संत एकनाथ, आणि प्रश्न असा की अस्पृश्याच्या पंगतीला बसणारा ब्राह्मण खरा की त्याला वाळीत टाकणारे खरे? सनातनी मंडळी खवळली. ठाकऱ्यांना तेच अपेक्षित होते.

हे 1933 साल मराठी नाट्यलेखकांच्या दृष्टीने विलक्षण आहे. त्याच वर्षी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. स्त्रीभूमिकेत खरीखुरी स्त्री, ज्योत्स्ना भोळे, उभी राहिली आणि रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकाला पर्याय मिळाला. त्याच वर्षी आचार्य अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ बालमोहन मंडळीने आणले. आणि त्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापूरहून पुण्याला मुक्काम हलवला. आदल्या वर्षीच तिच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडद्याला वाचा दिली होती. पडदा बोलू लागला म्हणजे त्याला संवाद हवेत, पदे हवीत, कथा हवी. हे सगळे ज्यांच्याकडे तयार होते ते लोक नाटकवाले होते.

मग रांग लागली. ‘नाट्यमन्वंतर’चे के. नारायण काळे प्रभातमध्ये गेले. संगीतकार केशवराव भोळेही गेले. 1935 मध्ये प्रभातने एकनाथांवरच चित्रपट काढला, पटकथा काळ्यांची, एकनाथ झाले बालगंधर्व. चित्रपटाचे नाव होते ‘महात्मा’, पण त्या शब्दात सेन्सॉरला गांधीजी दिसले आणि नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. दोन वर्षांच्या अंतराने एकाच संताची एकच पंगत रंगमंचावर आणि पडद्यावर मांडली गेली. रंगमंचावर ठाकऱ्यांनी वाद ओढवून घेतला, पडद्यावर पाटीवरच्या नावावरूनच घासाघीस झाली. लेखकासाठी दोन माध्यमांतला फरक एवढ्यावरूनही कळतो. नाटकात तो मंडळीच्या मालकाला तोंड देत होता. चित्रपटात कंपनी, दिग्दर्शक, वितरक आणि सेन्सॉर असे चौघे त्याच्या वहीवर हात ठेवत होते.

वरेरकरांनी मास्टर विनायकांच्या पहिल्या चित्रपटासाठी, ‘विलासी ईश्वर’साठी लिहिले. पुढच्याच वर्षी वि. स. खांडेकर ‘छाया’ घेऊन या क्षेत्रात आले. अनंत काणेकरांनी प्रभातच्या ‘माणूस’चे (1939) संवाद लिहिले, पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या त्या गोष्टीला त्यांची साधी, बोलती मराठी चपखल बसली. याच काणेकरांनी इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’वरून ‘घरकुल’ केले. विश्राम बेडेकर ‘शेजारी’ आणि ‘रामशास्त्री’ लिहून परत नाटकाकडे आले.

सगळ्यांत मोठी उडी अत्र्यांची. ‘घराबाहेर’, ‘लग्नाची बेडी’ गाजत असतानाच त्यांनी ‘ब्रह्मचारी’ (1938), ‘ब्रँडीची बाटली’ (1939) लिहिले, मग स्वतःच निर्माते झाले. साने गुरुजींच्या पुस्तकावरचा ‘श्यामची आई’ 1953 साली आला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. या चित्रपटात एका छोट्या भूमिकेत दिसतात प्रबोधनकार ठाकरे. ‘खरा ब्राह्मण’च्या लेखकाचे चित्रपटाशी नाते जुळले ते नट म्हणून! इतके यश मिळूनही अत्रे पडद्यावर थांबले नाहीत. 1962 मध्ये ‘तो मी नव्हेच’ लिहून फिरत्या रंगमंचासह ते पुन्हा नाटकात उभे राहिले.

हीच अदलाबदल दूरच्या आर्मेनियातही झाली. मुंबईच्या फोर्टात अठराव्या शतकाच्या अखेरीस चर्च बांधणारे आर्मेनियन व्यापारी इथे ओळखीचे होते, त्यांचे नाटककार नव्हते. गाब्रिएल सुंदुक्यान यांचे ‘पेपो’ हे नाटक 1871 साली तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, रंगभूमीवर आले. नायक पेपो हा गरीब कोळी, आणि भांडण पैसेवाल्या व्यापाऱ्याशी. 1935 मध्ये हामो बेकनझारोव्ह यांनी याच नाटकावर आर्मेनियाचा पहिला बोलपट काढला, संगीत दिले तरुण आराम खाचातुरियन यांनी. त्याच्या दशकभर आधी शिर्वानझादे यांच्या ‘नामुस’वर मूकपट झाला होता. अमेरिकेत वाढलेल्या आर्मेनियन विल्यम सरोयानने 1940 मध्ये नाटकाचे पुलित्झर पारितोषिक नाकारले आणि चारच वर्षांनी ‘द ह्यूमन कॉमेडी’च्या कथेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. आर्मेनियन असो की मराठी, बोलपटाने पहिल्यांदा हात घातला तो नाटकवाल्यांच्या पेटीत.

मराठीत फरक दिसतो तो पुढच्या पिढीत. 1962 साली वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आले. नाशिकच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांतला राजवाड्यातला कलह रंगमंचावर आणला. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी पाहायला लोक तुटून पडले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबाच होते. ते रायगड झाले 1981 मध्ये, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’वरून ‘आँसू बन गये फूल’ (1969) हा हिंदी चित्रपट झाला आणि कथेचे फिल्मफेअर त्यांच्या नावावर जमा झाले. तरी ते नाटककारच राहिले. चित्रपट त्यांच्याकडे आला, ते चित्रपटाकडे गेले नाहीत.

विजय तेंडुलकरांचे उलट. वर्तमानपत्रांत उमेदवारी केलेला हा माणूस ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘घाशीराम कोतवाल’नंतर पटकथेकडे पूर्ण तयारीने वळला. ‘सामना’, ‘निशांत’, ‘आक्रोश’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’, ‘अर्धसत्य’ ही नुसती नावे पाहिली तरी लक्षात येते की 1975 ते 1983 या काळात मराठी-हिंदी समांतर चित्रपटाचा कणा त्यांच्या लेखणीने उभा केला. ‘मंथन’ला पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले होते, त्याच्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वसंत सबनीसांची वाट आणखी वेगळी. ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादा कोंडक्यांना महाराष्ट्रभर नेले, मग त्याच जोडीने ‘सोंगाड्या’ (1971) दिला, आणि सतरा वर्षांनी सबनीसांच्याच संवादांनी ‘अशी ही बनवाबनवी’ उभी राहिली. आज त्या चित्रपटातली वाक्ये पाठ असणाऱ्या किती जणांना लेखकाचे नाव सांगता येईल?

या साऱ्यात रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या वाट्याला काय आले? रेल्वे रोह्यापर्यंत पोचली 1986 मध्ये. तोवर येणेजाणे एसटीने नाहीतर धरमतरच्या खाडीतून. पेट्या, पडदे आणि साठ-सत्तर माणसे घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळीला हा मुलूख अवघडच. त्यामुळे इथली नाटकाची भूक भागली ती गणेशोत्सवातल्या हौशी प्रयोगांवर, शिमग्यातल्या नमन-खेळ्यांवर आणि मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या उत्साहावर. पडद्यावर मात्र हा भाग दिमाखात आला. ‘जैत रे जैत’ (1977) ही कर्नाळ्याच्या सुळक्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची गोष्ट, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गीते. पेणहून पनवेलला जाताना एसटीच्या खिडकीतून दिसणारा तो सुळका राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला.

हौशी नाटकांच्या लेखकांना मात्र ना रंगभूमीने लक्षात ठेवले ना पडद्याने. शाळामास्तर, तलाठी, बँकेतले कारकून यांनी एकेका उत्सवासाठी लिहिलेल्या वह्या, हाताने रंगवलेल्या जाहिराती, तालमीचे फोटो अजून कुणाच्या तरी माळ्यावर असतील. राज्य नाट्यस्पर्धा 1954 पासून चालू आहे. तिच्यासाठी लिहिलेली हस्तलिखितेही अशीच घरोघर विखुरली आहेत. पेण आणि रोह्याच्या वाचनालयांनी त्यांच्यासाठी एक कपाट मोकळे करावे आणि गावकऱ्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी या वह्या तिथे नेऊन द्याव्यात.