आषाढाच्या शेवटच्या दिवशी

(वेळा भारतीय, दिशा रामटेकच्या.)

८ ऑगस्ट २०२१, रविवार, दुपारी ३ च्या सुमारास

भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ऑफ्यूकी रामटेकच्या क्षितिजावर येतो. लख्ख दिवस आहे, पण रात्र असती तरी तो दिसला नसता. त्याची प्रत ११ च्या आसपास, दुर्बिणीशिवाय दर्शन नाही. खरं तर ती जोडी आहे: फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि एक श्वेत बटू. साडेचारशे दिवसांत त्यांची एकमेकांभोवती फेरी होते. राक्षसाचा हायड्रोजन बटूवर साचत जातो. मागचा थर फेब्रुवारी २००६ मध्ये उडाला, तेव्हापासून नवा साचतो आहे.

सायंकाळी ५.३०

थराच्या तळाशी अणुसंमीलन सुरू होतं आणि आवरेनासं होतं. थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं बाहेर फेकला जातो. इटलीच्या मुनारी आणि व्हालिसा यांनी नंतर मागे हिशेब करत ही वेळ काढली. चूक झालीच तर पाव तासाची. त्या क्षणी तारा रामटेकच्या पूर्व-आग्नेय आकाशात तिसेक अंशांवर होता, उन्हात बुडालेला.

पाव तासाची ही अचूकता प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्याची. स्फोट प्रत्यक्ष झाला कधी? बरीच वर्षं या ताऱ्याचं अंतर सुमारे ५,२०० प्रकाशवर्षं धरलं जाई. गाया उपग्रहानं मोजलेल्या पराशयावरून ते ८,७०० च्या घरात जातं. पराशय म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकल्यासारखी दिसते ते. पण ही जोडी स्वतःही डोलते, तेही जवळपास वर्षाच्याच तालात, त्यामुळे कोणतं सरकणं कोणाचं हे निवडणं जिकिरीचं. म्हणजे मिनिटं हातात आहेत आणि साडेतीन हजार वर्षांचा पत्ता नाही. असा घटनाक्रम एखाद्या फौजदारानं लिहिला असता तर साहेबानं परत पाठवला असता.

सायंकाळी ७.२०

अमावस्या. घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडलेले, कणकेचे दिवे उकडलेले, भिंतीवर जिवतीचा कागद. संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी ज्या टेकडीला कालिदासाचा रामगिरी म्हटलं, तिच्यावरचं गडमंदिर राज्यातल्या सगळ्या देवळांसारखंच कोरोनामुळे भाविकांना बंद.

रात्री ९

तारा दक्षिणेला सर्वांत उंच, सुमारे ६२ अंशांवर. चंद्र नाही. ऑगस्टचे ढग नसतील तर बघायला याहून चांगली वेळ नाही. तरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि त्यात नवल नाही. असे स्फोट, म्हणजे नवतारे, आपल्या आकाशगंगेत वर्षाला दहाच्या आसपास सापडतात. ॲलन शाफ्टर यांनी २०१७ मध्ये खरा आकडा पन्नासच्या जवळ मांडला, पण सोबत २७ ते ८१ एवढी मोठी पळवाटही ठेवली. माझ्या मते त्यांच्या कामातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट ती पळवाटच. जवळचे, ठळक नवतारे मोजायचे आणि त्यांवरून सगळ्या आकाशगंगेचा अंदाज बांधायचा, ही एक रीत. त्यासाठी ‘जवळचे’ कोण हे आधी ठरायला हवं, म्हणजे गाडी पुन्हा अंतरावरच अडते. बाकीचे बरेचसे धुळीआड पेटतात आणि विझतात. पालोमारच्या अवरक्त दुर्बिणीनं त्या धुळीतून पाहिलं. किशलय डे आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा आकडा ४४ च्या आसपास आला.

९ ऑगस्ट, पहाटे २.४५

तारा रामटेकला मावळतो. तोवर तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याजोगा झाला असावा.

पहाटे ३.२५ ते ३.५०

ब्राझीलमध्ये अलेशांद्रे अमोरिम यांना तो पाचव्या प्रतीचा दिसतो. पंचवीस मिनिटांनी आयर्लंडमध्ये कीथ गिअरी यांनाही. दोघेही हौशी निरीक्षक. आपल्याकडे तारा मावळून तास होत आला होता.

सकाळ

पहिला श्रावणी सोमवार.

रात्री

नामिबियातल्या हेस दुर्बिणी ताऱ्याकडे वळतात. स्फोटाची लाट राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यावर आदळून अतिप्रखर गॅमा किरण निघत होते. नवताऱ्याकडून ते याआधी कधी पकडले गेले नव्हते. पण एकूण किती ऊर्जा निघाली हे सांगायला अंतराचा वर्ग लागतो. ५,२०० ऐवजी ८,७०० घेतले की उत्तर पावणेतीनपट. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीनं २००६ मध्ये याच ताऱ्याच्या कमी कंप्रतेच्या रेडिओलहरी टिपल्या होत्या, २०२१ मध्येही टिपल्या. तिथल्या हिशेबांनाही हीच अडचण.

पुढे

१८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६, २०२१: हे नोंदलेले पक्के स्फोट. मधलं अंतर कधी ३५ वर्षं, कधी नऊच, म्हणून पुढची तारीख छातीठोक सांगता येत नाही. सरासरी वीस वर्षांना एक धरला आणि त्यानंतरही तिथे हाच क्रम राहिला असला, तर त्या ताऱ्याकडून निघालेला किमान अडीचशे स्फोटांचा प्रकाश आत्ता आपल्या वाटेवर आहे. गायाचं अंतर खरं ठरलं तर सव्वाचारशेच्या वर.