कामटीपासून हायड्रोजेलपर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या वऱ्हाडी गावांना परिचित असलेल्या हाडवैद्याच्या विद्येचे, म्हणजे मोडलेले हाड हाताने जागेवर बसवून बांबूच्या कामट्यांनी बांधण्याच्या कौशल्याचे, जवळचे रूप सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सेत आढळते. तेथे वड, पिंपळ, उंबर व पळस यांच्या साली आणि बांबू यांपासून केलेल्या आधारपट्ट्यांना ‘कुश’ म्हटले असून मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन व तांदळाचे पीठ शंभरदा धुतलेल्या तुपात कालवून लेप सांगितला आहे; बंध हिवाळ्यात सात, समशीतोष्ण काळात पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडावा, ही सूचना तर त्वचेवरील घामाची व दाहाची किती बारकाईने दखल घेते! लेप मात्र बाहेरच राहिला. हाडाच्या पोकळीतच आधार ठेवण्याची कल्पना पुढे ज्या पदार्थाने साकारू लागली तो हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून फुगणारे पण न विरघळणारे बहुवारिकाचे जाळे, प्रागच्या ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लिम यांनी 1960 मध्ये वैद्यकीय उपयोगासाठी मांडला. 1965 मध्ये मार्शल युरिस्ट यांनी खनिजरहित हाडातही नवे हाड उपजवण्याची शक्ती असल्याचे दाखविले, आणि त्या शक्तीमागची प्रथिने जिलेटिन वा कायटोसानच्या जाळ्यातून सावकाश झिरपवून पेशींना हाड रचायला जागा देण्याचे प्रयोग त्यातूनच वाढले.