डोळ्यांमागचे रक्त

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही आशाताई घरोघरी फिरू लागल्या. त्यांनी माझ्या बोटाला चिमटा लावला, आकडा वहीत टिपला आणि त्या पुढच्या दाराकडे वळल्या. रक्तातला प्राणवायू रंगावरून ओळखणाऱ्या त्या चिमट्याचा माग काढत मी मेंदूपर्यंत पोहोचलो.

मेंदूचा जो भाग कामाला लागतो त्याचा रक्तपुरवठा वाढतो, असे रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्ये मांडले होते. दृष्टीच्या बाबतीत त्याची विलक्षण साक्ष मिळाली ती कानाने. बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांच्याकडे वॉल्टर के. हा रुग्ण होता. पाहण्याचे केंद्र मेंदूच्या मागच्या भागात असते. नेमका तिथेच त्याच्या रक्तवाहिन्यांचा गुंता झाला होता आणि रक्ताची घरघर बाहेरून ऐकू येई. तो वाचू लागला की घरघर वाढे; वास घेताना मात्र वाढत नसे. जॉन फुल्टन यांनी ही निरीक्षणे १९२८ मध्ये प्रसिद्ध केली.

पण निरोगी माणसाच्या बंद कवटीतले कसे कळावे? ड्यूक विद्यापीठातील फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवले, की तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्वचा आणि हाड ओलांडून मेंदूपर्यंत जातो. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. ७६० नॅनोमीटरच्या आसपास दुसरे अधिक शोषते, ८५० च्या आसपास पहिले. डोक्यावर एका जागी प्रकाश सोडायचा, सुमारे तीन सेंटीमीटरवर परत आलेला मोजायचा आणि दोन्हींतील बदलाचा हिशेब मांडायचा.

१९९३ मध्ये जपानमध्ये तोशिनोरी काटो आणि सहकाऱ्यांनी लुकलुकता प्रकाश दाखवून दृष्टिकेंद्रातील हा बदल टिपला. पुढे काळ्या-पांढऱ्या चौकटींची उलटसुलट होणारी नक्षी अशा प्रयोगांत नेहमीची झाली. नक्षी दिसताच काही सेकंदांत प्राणवायूयुक्त रक्त वाढते आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन किंचित घटते. एका वावरासाठी चारी उघडावी आणि गरजेपेक्षा जास्त पाणी यावे, तसे हे आहे: खर्चापेक्षा पुरवठाच मोठा.

अडचण येते ती केसांची. दृष्टिकेंद्र डोक्याच्या मागे, केसांखाली. दाट काळे केस आणि सावळी त्वचा प्रकाश गिळतात. परत येणारा संकेत क्षीण होतो. संशोधक भांग पाडून, केस बाजूला सारून मोजतात. बोटावरचा चिमटाही या दोषापासून मुक्त नाही. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, चिमट्याने न पकडलेली प्राणवायूची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली.

आशाताईंच्या वहीतला माझा आकडा बरोबरच असेल. पण त्या महिन्यांत अशा आकड्यांवरूनच कुणाला दवाखान्यात हलवायचे हे ठरत होते, आणि आमच्या जिल्ह्यात उन्हाने रापलेली बोटेच अधिक. प्रकाशाने माणूस मोजायचा तर यंत्र आधी अशाही बोटांवर, अशाही डोक्यांवर पारखून घेतले पाहिजे.