मरिचझापीचा साक्षीदार कोण?

१९४६ साली बाबासाहेब घटना समितीवर गेले ते बंगालमधून. मुंबईत काँग्रेसने वाट अडवली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या नामशूद्रांनी मतं उभी केली. हे आपण दर चौदा एप्रिलला भाषणात सांगतो. त्या माणसांचं पुढं काय झालं, ते कुणी सांगत नाही.

फाळणी झाली. नामशूद्रांचा मुलूख पाकिस्तानात गेला. मंडल तिकडे कायदामंत्री झाले, १९५० साली राजीनामा देऊन इकडे आले. मंत्र्याचा निर्वासित झाला! आधी आलेल्या बामण-कायस्थांनी ओळखीपाळखीच्या जोरावर कलकत्त्याच्या कडेला वसाहती उठवल्या. नामशूद्र छावण्यांत पडले. तिथून त्यांना दंडकारण्यात हाकललं, कोरापूट-बस्तरच्या खडकाळ जंगलात. काही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडेही आले. नदीकाठची माणसं ही, पाण्यावाचून कशी जगणार?

१९७८ साली ती उठली. विरोधात असताना डावे म्हणायचे, यांना बंगालमध्येच वसवा. आता त्यांचंच राज्य होतं. हजारो लोक सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर उतरले. सरकारच्या मदतीवाचून बांध घातले, शाळा काढली, दवाखाना काढला. २४ जानेवारी १९७९ ला १४४ कलम लागलं, पोलिसांच्या लाँचनी बेट वेढलं. तांदूळ बंद, पाणी बंद, औषध बंद. ३१ जानेवारीला गोळीबार. मे महिन्यात झोपड्या जाळल्या, माणसं कोंबून परत धाडली. पत्रकारांना बंदी. सरकारी आकडा बोटांवर मोजण्याइतका. वाचलेले लोक शेकड्यांनी मेले सांगतात.

आता विद्वानांचं बघू. १९८२ साली तळातल्या लोकांचा इतिहास लिहिणाऱ्यांचा पहिला खंड निघाला. त्यात बंगाली पंडित कितीतरी. जगभर नाव झालं. पण मरिचझापीवर रॉस मलिक यांचा निबंध मोठ्या विद्यापीठीय नियतकालिकात आला १९९९ साली, तोही अमेरिकेत. जोगेंद्रनाथांचे चिरंजीव जगदीशचंद्र मंडल यांनी कागदपत्रं गोळा करून बंगालीत पुस्तक केलं. मी म्हणतो, पुस्तकावर बंदी घालायची गरजच काय? साक्षीदाराला अक्षर येऊ दिलं नाही, की काम भागतं. मग प्राध्यापकाचं स्वातंत्र्य शाबूत राहतं आणि इतिहास कोराच राहतो.

मनोरंजन ब्यापारी छावणीत वाढलेलं पोर. अक्षरं शिकला ती तुरुंगात. पुढं कलकत्त्यात जादवपूरला रिक्षा ओढायचा. एके दिवशी रिक्षात बसलेल्या बाईंना त्यानं ‘जिजीविषा’ शब्दाचा अर्थ विचारला. त्या महाश्वेतादेवी निघाल्या. १९८१ साली त्यांनी आपल्या ‘बर्तिका’ नियतकालिकात त्याचं लिखाण छापलं. विद्यापीठाच्या दारातून सवारी नेणारा माणूस लेखक झाला, तो असा नियतकालिकाच्या चार पानांतून. आपल्यासारख्याच.

चामोर्शी-मुलचेऱ्याकडे आजही बंगाली ऐकू येते. दंडकारण्याच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं तिथं रोज कमी होतायत. बाबासाहेबांना मत देणाऱ्यांचं देणं आपल्या डोक्यावर आहे. वही घेऊन गेलं पाहिजे. पीएच.डी.वाले येतील तेव्हा येतील.