दलालाचा परवाना आणि यंत्राचे टिपण

अमरावतीचा कापूस मुंबई आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना 'ऊमरा' या नावाने ठाऊक होता. उमरावती या गावाच्या नावाचाच तो अपभ्रंश. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या पेठा एकाएकी भरभराटीला आल्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कास्तकार गाडी घेऊन पेठेत येई. गिरणीचा खरेदीदार त्याला अनोळखी, भावही अनोळखी. मधे उभा असे तो अडत्या किंवा दलाल. सौदा जुळवून देणे हा त्याचा धंदा.

हा सौदा कसा होई? देशातल्या अनेक बाजारांत उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरत असे. दोघांच्या हातांना भाव कळे, पण ज्याचा माल त्याला तो दिसत नसे. शिवाय खंडीचे वजन गावोगाव वेगळे. कटती, हमाली, धर्मादाय वजा होऊन हातात काय पडेल, याचा अंदाज नसे.

यावर उपाय म्हणून १८८६ मध्ये कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. (हे कारंजे पूर्वी अकोला जिल्ह्यात होते, १९९८ पासून वाशिम जिल्ह्यात आहे.) पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. दलाल आणि मापाडी यांना परवाने आले, बाजाराचा कारभार समितीकडे गेला. दलाल नाहीसा झाला नाही, मात्र त्याने काय करायचे, कशाचे किती घ्यायचे हे कागदावर आले. मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. उणीव अशी, की त्या समितीत भरणा व्यापाऱ्यांचा होता. नियम ज्याच्या मालासाठी, तोच नियम करणाऱ्यांत नव्हता. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानुसार झालेल्या समित्यांत मात्र शेतकऱ्यांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने आले.

आता दलालाच्या जागी संगणक आला आहे असे समजा. अकोल्याच्या एका सरकी ढेप विकणाऱ्याकडे निरोप येतो: "पुढच्या आठवड्यात चाळीस क्विंटल ढेप लागेल, भाव कळवा." विक्रीच्या संगणक प्रणालीत याची जी नोंद होते तिला 'ऑपॉर्च्युनिटी' म्हणतात, म्हणजे होऊ घातलेला सौदा. गिऱ्हाईक कोण, माल किती, रक्कम किती, तारीख कोणती आणि बोलणी कुठवर आली, असे तिचे रकाने असतात. ही नोंद आजवर कारकून करी. आता ती कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट' करू शकतो.

एजंटच्या मुळाशी भाषेचे प्रारूप असते. ते स्वतः नोंदवहीत लिहीत नाही. त्याला एक 'साधन' दिलेले असते आणि सोबत त्या साधनाचे लेखी टिपण: हे केव्हा वापरावे, कोणते रकाने भरावेत, कोणते सक्तीचे. टिपण वाचून प्रारूप ठरावीक नमुन्यात मागणी लिहिते आणि दुसरा प्रोग्रॅम ती अमलात आणतो. साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत, 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. साधनाचे पोट प्रारूपाला दिसत नाही, टिपणच दिसते. म्हणून टिपणातली चूक ही थेट सौद्यातली चूक होऊ शकते.

समजा, टिपणात 'रक्कम: संख्या' एवढेच लिहिले आहे. ती क्विंटलची की एकूण? खंडीचा जुना घोळ पुन्हा उभा राहिला. त्यातच रकाना सक्तीचा असेल, तर निरोपात भाव नसतानाही एजंट एखादा आकडा बसवण्याची शक्यता असते. चांगल्या टिपणात लिहिलेले असते: रुपयांत एकूण रक्कम, भाव ठरला नसेल तर रिकामे सोडा. दुसरी अडचण तार तुटल्याची. नोंद झाली, पण उत्तर परत आले नाही, तर एजंट तीच मागणी पुन्हा पाठवतो आणि वहीत ऐंशी क्विंटल दिसतात. यावर तोड पावतीबुकाचीच: प्रत्येक मागणीला एक क्रमांक, तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद नाही. तिसरा प्रश्न परवान्याचा. एजंटने फक्त नोंद करावी, की भावही कबूल करावा? हे टिपणात लिहून भागत नाही, प्रणालीनेही ते अडवायला हवे. नियम भिंतीवर लावून दलाल सुधारले नव्हते, परवाना काढून घेता येत होता.

आणि ढेप मागणाऱ्याला, आपल्या नावाने काय लिहिले गेले ते दिसते का? उपरण्याखालचा प्रश्न तोच होता.

वर्गात हे करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याला एजंट करावे, त्याला फक्त टिपण आणि वरचा निरोप द्यावा. पहिल्या फेरीत रकमेचा रकाना सक्तीचा ठेवावा, दुसऱ्या फेरीत तो रिकामा सोडण्याची मुभा द्यावी, आणि दोन्ही कागद फळ्याशेजारी लावावेत.